अण्णाजींचं गळकं टाकं

वर्ध्याहून संध्याकाळी हिंगणीला जाणारी एसटी कधी रिकामी नसायची. त्या दिवशी मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. फार घाई केली. गाडी सुटता सुटता एक उंच, सावळा माणूस चढला. त्याच्या कवेत पोत्यात गुंडाळलेलं भलंमोठं काहीतरी होतं. "जरा सांभाळून, जरा सांभाळून" करत तो मागे आला आणि ते धूड त्याने बरोबर माझ्या बाकाला लावून उभं केलं. मी बाकाच्या आत, ते धूड बाहेर, आणि त्याला दोन्ही हातांनी धरून हा.

सेलू आलं तशी मी उठले.

"सरका जरा. मले उतराचं हाये."

"मलेही उतराचं हाये," तो म्हणाला. "पण सरकलो का काच जाते."

"कोणती काच?"

त्याने हनुवटीने पोत्याकडे खूण केली. एका फाटलेल्या जागेतून जाड, हिरवट काच दिसत होती. त्याच्यामागे कापसाची गाठोडी, दोन कोंबड्या, एक बाळंतीण आणि तिचे सगळे माहेरचे लोक उभे होते.

"मंग मी काय वरून उडून जाऊ?"

"तसं जमलं असतं तर मीच पहिले गेलो असतो जी," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की माझा राग दुप्पट झाला.

कंडक्टरने दोरी ओढली. गाडी सेलू सोडून पुढे निघाली. पुढच्या फाट्यावर गर्दी उतरली, तेव्हा कुठे आम्ही दोघं, त्याची काच आणि माझी तपासायच्या वह्यांची पिशवी असे रस्त्यावर उभे राहिलो. थंडीचे दिवस होते. सूर्य तुरीच्या मागे गेला होता आणि परतीची गाडी दिसत नव्हती.

"एक बाजू धरता का?" त्याने विचारलं.

"मी?"

"दुसरं कोणी दिसत नाई इथी."

मी धरली. का धरली, ते मला आजही सांगता येत नाही. थोडं चालल्यावर मागून कापसाची बैलगाडी आली. त्याने गाडीवानाला हात केला, काच कापसावर आडवी ठेवली आणि आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो. सेलूपर्यंत मी आपणहून एक शब्द बोलले नाही. तो मात्र मधेच म्हणाला, "तुमच्या केसात कापूस…"

"राहू द्या."

"राहू देतो."

चौकात उतरल्यावर मी पिशवी उचलून चालू पडायला हवं होतं. पण तो एकटा काच घेऊन उभा राहिला आणि मला ते बघवलं नाही. मी पुन्हा एक बाजू धरली. तो पुढे, मी मागे. पाहते तर हा आमच्याच गल्लीत वळला.

"इकडे कुठी?" मी थांबलेच.

"अण्णाजी पोस्टमास्तराइकडे. त्याइचं मासळीचं टाकं बनवून राह्यलो."

"ते माहे बाबा हायेत."

त्याने काचेची पकड बदलली. मग म्हणाला, "मंग बरंच झालं. हात गुंतले असताना दार उघडाले कोणी तरी लागलंच असतं."

*

बाबा रिटायर होऊन वर्ष झालं होतं. पोस्टात असताना त्यांच्याभोवती दिवसभर माणसं असायची. कोणाला मनीऑर्डर लिहून हवी असायची, कोणाला आलेलं पत्र वाचून. आई गेली, मग नोकरी संपली, आणि आमच्या ओसरीवर दुपारभर फक्त चिमण्या उतरू लागल्या. त्याच वर्षी बाजारातल्या एका व्यापाऱ्याने टीव्ही आणला. सारी गल्ली संध्याकाळी तिकडे जायची. बाबा एकदा गेले आणि परत आले ते विचारात पडूनच.

"त्याच्या डब्यात माणसं हायेत," मला ते म्हणाले होते. "माह्या डब्यात जिते मासे ठेवतो. पाहू कोणाकडे येतात लोक."

मला वाटलं, बरणीबिरणी असेल. ओसरीवर पलंगाएवढी प्लायवूडची पेटी उभी राहील, ही कल्पना कोणाला असते? आणि या पेटीचा कारागीर म्हणजे हाच, चंद्रभान. बोर धरणावर पाटबंधारे खात्याच्या बोटी दुरुस्त करायचा. बाबा धरणावर मासे पाहायला गेले आणि तिथे याला गाठून आले. लाकडी बोटीत पाणी शिरू देत नाही तो माणूस लाकडी पेटीतून पाणी बाहेरही जाऊ देणार नाही, असा त्यांचा हिशोब.

दर रविवारी सकाळी तो सायकलवर यायचा. माझा आठवड्यातला एकुलता एक सुट्टीचा दिवस ठोकाठोकीत जायचा. पेटीच्या तीन बाजू आणि तळ प्लायवूडचा, पुढची बाजू काचेची. आतून त्याने बोटीला लावतात ते डांबर फासलं. आमच्या पोळ्यांनाही त्याचा वास यायला लागला. काच बसवायला खडूची पूड, शेंदूर आणि अळशीचं तेल मळून लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, करायची होती. ती त्याने मळली माझ्या परातीत.

"ही कणकेची परात हाये," मी म्हणाले.

"म्हणूनच घेतली. मळाले सोपी जाते."

"अन् आता पोळ्या कशात करू मी?"

त्याने परातीकडे पाहिलं, केशरी झालेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आज भात…?"

पुढच्या रविवारी त्याने नवी परात आणली. वर्ध्याची, चांगली जड, पितळेची. मी थँक्यू म्हणाले नाही. तिच्यात कणीक भिजवताना मात्र हात उगाचच सावकाश चालत होते.

पेटी लाकडी टेबलावर ठेवायचा दोघांचा बेत होता. मी शाळेत गणित शिकवायचे. लांबी, रुंदी, उंची विचारली आणि पाटीवर हिशोब करून दाखवला. नुसतं पाणीच साडेपाचशे किलो.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे या टेबलावर शंभर किलोचे साडेपाच पोते गहू ठेवून पाहा, मंग टाकं ठेवा."

चंद्रभान पाटीकडे बघत राहिला. "हे मी मोजलंच नव्हतं."

"ते दिसूनच राह्यलं."

"तुम्ही नसत्या तर अण्णाजीच्या पायावर पडलं असतं."

हे बोलताना तो पाटीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी पाटी पुसली. जरा जास्तच वेळ पुसली.

मग विटांचा ओटा बांधला. विटा मीच उचलून दिल्या, कारण बाबांची कंबर आणि चंद्रभानची घाई, दोन्हींवर भरवसा नव्हता. शेजारच्या रुख्माबाई कुंपणावरून पाहत होत्या. "काव कोकिळा," त्या म्हणाल्या, "टाकं बापाचं, अन् घाम तुहा?"

*

पहिल्यांदा टाकं भरलं तो रविवार मला लख्ख आठवतो. आमच्या अंगणात विहीर होती. मी रहाटाने पाणी ओढायचं, त्याने बादल्या उचलून न्यायच्या. बादली देता-घेताना बोटं लागायची, थंडगार. दुपारपर्यंत माझ्या तळहातांची सालटी निघायची वेळ आली. टाकं भरलं, काचेतून उन्हाची तिरीप आत गेली आणि ओसरीच्या भिंतीवर पाण्याची सावली हलू लागली. आम्ही तिघंही तिच्याकडे पाहत राहिलो. इतकं छान दिसत होतं ते.

मग बाबा म्हणाले, "पाय ओला काऊन लागून राह्यला?"

खालचा उजवा कोपरा गळत होता.

पाणी काढलं. कोपरा वाळवला, लांबी पुन्हा भरली, डांबर लावलं, वाळायला आठवडा दिला. दुसऱ्या वेळी टाकं दोन दिवस टिकलं. बुधवारी शाळेतून आले तर ओसरीत तळं. तिसऱ्या वेळी बाबांनी नारळ फोडला. तरी मंगळवारी पाणी आलंच. पुन्हा तोच कोपरा. पुन्हा निरोप, पुन्हा रविवार, पुन्हा रहाट. चंद्रभान जेवायला थांबू लागला. वांग्याच्या भाजीला चांगलं म्हणू लागला. मी म्हणायचे, "भाजीचं राहू द्या, कोपऱ्याचं पाहा." तो म्हणायचा, "कोपराच तर पाहून राह्यलो," आणि पाहत असायचा भलतीकडेच.

मला राग यायचा. आणि शनिवारी रात्री मी दुसऱ्या दिवशीची साडी काढून ठेवायचे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसामुळे होतात, हे मी स्वतःला कळू देत नव्हते.

चौथ्यांदा पाणी आलं तेव्हा मात्र मी स्वतः वाकून कोपरा पाहिला. लांबी आपोआप तडकलेली नव्हती. कोणीतरी टोकदार हत्याराने तिच्यात सरळ, बारीक खाच पाडली होती.

माझं डोकंच फिरलं. रविवारी तो सायकल लावतो न लावतो तोच मी त्याला त्या कोपऱ्यापाशी उभं केलं.

"हे काय हाये?"

तो वाकला. त्याने त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग मान वर करून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. बाबा तिथे खुर्चीत बसून चष्मा पुसत होते.

"मी विचारून राह्यली," मी म्हणाले. "हे आपोआप झालं का?"

"नाई."

"मंग? चारदा पाणी ओढलं मी. हे पाहा हात. तुमाले दर रविवारी आयतं जेवण पायजे होतं, तर तसं सांगाचं होतं. टाकं कायले फोडाचं?"

त्याचा चेहरा उतरला. पण तो एवढंच म्हणाला, "चूक झाली."

"झाली ना? मंग हे शेवटचं बुजवा, अन् पुन्हा येऊ नका."

"कोकिळा…" बाबा खुर्चीतून उठले. चंद्रभानने त्यांच्याकडे पाहून हलकेच मान हलवली. मला वाटलं, तो त्यांचा निरोप घेतोय.

त्याने कोपरा नीट बुजवला. न जेवता गेला. पुढच्या रविवारी मी एकटीने टाकं भरलं. या वेळी ते गळलं नाही. एक थेंबही नाही. बघा, मी स्वतःला म्हटलं, तो नाही तर गळणं नाही. सिद्ध झालं. गणितात सिद्ध झालं की बरं वाटतं. इथे काही बरं वाटेना.

मासे तो बोरच्या धरणातून आणून देणार होता. आता कोण आणणार? ओसरीत नुसतं पाणी उभं होतं, आणि बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून नुसत्या पाण्याकडे बघत बसायचे. माझं त्यांच्यावर खेकसणं वाढलं. पोरींच्या वह्यांवर मी लाल शाईने इतकं लिहिलं की एकीची आई शाळेत विचारायला आली. आणि रविवारी सकाळी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचे, आणि दूधवाला पाहून परत आत जायचे.

*

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. भर दुपारी घरी आले. दार लोटलेलंच होतं. आत पाऊल टाकलं, तर बाबा ओट्यापाशी गुडघे टेकून बसलेले. चष्मा कपाळावर. हातात पोस्टातली लाख खरवडायची सुरी. आणि त्या सुरीचं टोक उजव्या कोपऱ्याला टेकलेलं.

"बाबा."

ते दचकले नाहीत. फक्त सुरी खाली ठेवली आणि दमल्यासारखे ओट्याला टेकले.

"अजून कोरलं नाई. दर वेळी थोडंसंच कोरतो," ते म्हणाले. "तुले जास्त पाणी ओढाले लागू नये म्हणून."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"चारही वेळा?"

"पहिल्यांदा नाई. पहिल्यांदा खरंच गळलं होतं. ते दुरुस्त झालं असतं तर पोट्टा पुन्हा आला नसता."

"तो येऊन तुमाले काय मिळत होतं?"

"मले?" बाबा हसले. "दर रविवारी तुम्ही दोघं दिवसभर भांडता. अन् सोमवारी सकाळी तू गाणं म्हणत भांडी घासते. तुही माय गेल्यापासून या घरात कोणी गाणं म्हणलं नव्हतं."

मी पदराने ओट्यावरची धूळ पुसू लागले.

"तीन स्थळं आली," ते हळूच पुढे म्हणाले. "तिन्ही वेळा तू म्हणली, बाबाले कोण पाहीन. मले समजते, पोरी. पण माह्या नावानं तू घरी बसली, तर मी रोज ते पाहत बसाचं का? म्हणून म्हणलं, घरात मासे येतीन, माणसं येतीन… अन् हा पोट्टा चांगला हाये. पण तो बोलत नाई, तू बोलू देत नाई. मंग मी काय करू? टाकं गळलं तरच तो येते. मले हीच एक सुरी येते."

रडावं की ओरडावं ते मला कळेना. शेवटी मी विचारलं, "अन् त्याले हे माहीत होतं?"

"त्या दिवशी समजलं त्याले. मी सांगणार होतो, तर त्यानंच मान हलवली. राहू द्या म्हणून."

मी सुरी उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. चपला घातल्या.

"आता उन्हात कुठी चालली?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या कारागिराले शिव्या द्याले."

*

हिंगणीच्या एसटीने मी बोर धरण गाठलं. काठावर त्याने एक बोट पालथी घातली होती आणि पाणी शिरू नये म्हणून तिच्या फळ्यांच्या फटींत तो सुताचा पीळ ठोकत होता. मला पाहून हातोडी तशीच वर राहिली.

"काऊन नाई सांगतलं?" मी म्हणाले.

तो समजला. हातोडी खाली ठेवून त्याने हात चिंधीला पुसले. "काय सांगू? तुमच्या बापानं केलं म्हणून? त्याइच्यासमोर?"

"अन् मी एवढं बोलली ते?"

"ते तर तुम्ही दर रविवारी बोलता."

"हे हसण्यावारी नेऊ नका. मी तुमाले खोटं ठरवलं. घरातून काढलं. अन् तुम्ही 'चूक झाली' म्हणून निघून गेले. असं कोणी करते का?"

"चूक माहीही होती जी."

"तुमची कोणती?"

तो पाण्याकडे पाहू लागला. दूर एक बगळा एका पायावर उभा होता. "तिसऱ्या वेळीच मले दिसली होती ती खाच," तो म्हणाला. "कोणाची हाये ते समजलं नाई, पण आपोआप नाई हे समजलं. मी गुपचाप बुजवली. तेव्हाच सांगतलं असतं तर… काम संपलं असतं."

"संपलं असतं तर काय झालं असतं?"

"रविवार संपला असता."

वारा सुटला होता, पाण्यावर बारीक सळसळ उठत होती. मला त्याच्यावर चिडायचं होतं. चौथ्या वेळच्या सगळ्या बादल्या याच्याच गप्प बसण्याच्या होत्या. मी तळहात पुढे केला. घट्टे अजून होते.

"हे पाहा. हे अर्धे बाबाचे अन् अर्धे तुमचे."

त्याने हात धरला नाही. फक्त एका बोटाने, खाचेवरून फिरवलं होतं तसंच अगदी सावकाश, त्या घट्ट्यांवरून बोट फिरवलं. "मंग… आता पाणी मी ओढत जाईन," तो म्हणाला. "जिथी म्हणाल तिथी."

"कधीपर्यंत?"

"तुम्ही पुरे म्हणेपर्यंत."

"मी पुरे म्हणणारी बाई नाई," मी म्हणाले. "उद्या रविवार हाये. मासे घेऊन येजा. अन् बाबाशी बोला. नीट. भाजीबद्दल नाई."

*

तो आला. दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये मासे घेऊन आला: चांदीसारखे चिमुकले, दोन मिशीवाले, आणि एक काळसर, जो टाक्यात पडताच तळाशी जाऊन बसला. रुख्माबाई पहिल्या आल्या. मग त्यांची सून. मग समोरचे नानाजी आणि त्यांच्या मागे अर्धी गल्ली. बाबा चष्मा सावरत एकेक मासा दाखवत होते, पोस्टात असताना बोलायचे त्याच आवाजात. संध्याकाळी टीव्हीची वेळ झाली, तरी कोणी हललं नाही.

माणसं गेली तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्रभान बाबांसमोर पाटावर बसला. मी आत, चहाचं आधण ठेवायला.

"अण्णाजी," तो म्हणाला.

"बोल बेटा."

"ते… मिशीवाले हायेत ना, त्याइले रात्री खाणं टाकाचं."

"बरं."

"अन् पाणी आठवड्यानं थोडं बदलाचं. सारं नाई. थोडंच."

"बरं."

मी भांडं हातात घेऊन उभी.

"अन् अण्णाजी… मी असं म्हणून राह्यलो होतो… का उन्हाळ्यात पाणी लय तापते, तर टाक्यावर एक फळी…"

मी बाहेर आले.

"बाबा," मी म्हणाले, "हा माह्यासाठी आला हाये. मलेही तोच पायजे. तुम्ही हो म्हणा, म्हणजे मी चहा ठेवते. सकाळपासून उभी हाये मी."

चंद्रभान पाटावरून उठला, पुन्हा बसला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. काचा तर स्वच्छच होत्या.

"हो," ते म्हणाले. "ठेव."

मी आत गेले. साखर दोनदा पडली, हे मला माझा कप तोंडाला लावल्यावर कळलं. बाहेर डोकावून पाहिलं. ते दोघं टाक्याकडे तोंड करून, शेजारी शेजारी बसून, तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पीत होते, आणि एकानेही काही म्हटलं नाही.